फोल्डर उघडला, आणि फायरवॉलही चालूच राहिली

गिरगावात ठाकूरद्वारजवळ माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. मी, दोन ताई आणि तीन कॉम्प्युटर. सगळ्या अशिलांचे कागद माझ्या जुन्या विंडोज १० मशीनवर एका फोल्डरमध्ये असतात आणि ताई तो आपापल्या टेबलावरून उघडतात. डिसेंबरात, ॲडव्हान्स टॅक्सच्या तिसऱ्या हप्त्याची १५ तारीख तोंडावर आलेली असताना तो उघडेना. त्याच आठवड्यात राउटर बदलला होता आणि एका ताईंसाठी विंडोज ११ प्रोचं नवीन मशीन घेतलं होतं. दोन दिवस पेनड्राइव्हवर काम चालवलं, त्यात एका अशिलाच्या नव्या फाइलवर जुनी फाइल चढली. त्या नोंदी पुन्हा करण्यात अख्खी दुपार गेली.

आधी ज्यांना बोलावलं त्यांनी माझ्या मशीनची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, बंद केली आणि फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे कोणालाही सगळं करण्याची मुभा, देऊन टाकलं. जुन्या मशीनवरून फोल्डर दिसू लागला, नव्यावरून मात्र 'संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही' अशा अर्थाचा संदेश यायला लागला. त्यावर उत्तर मिळालं, "सर्व्हर घ्या." पैसे घेऊन ते गेले. लोकांचे पॅन, बँकेचे उतारे माझ्या भरवशावर असतात. फायरवॉल बंद असलेल्या मशीनवर ते ठेवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग लॅमिंग्टन रोडवरच्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो, ज्याच्याबद्दल हा अभिप्राय लिहितो आहे. चारला येतो म्हणालेला मुलगा साडेसहाला आला आणि मधल्या वेळात फोन उचलला नाही. ही एवढी तक्रार खरी आहे. पण आल्यावर त्याने सगळ्यात आधी फायरवॉल चालू केली, तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

त्याचं म्हणणं असं, की इथे एक नाही, दोन दुखणी आहेत. राउटर बदलल्यावर माझ्या विंडोजने नवं नेटवर्क 'पब्लिक' धरलं, म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं परकं, आणि शेअरिंगची दारं लावून घेतली. ते त्याने 'प्रायव्हेट' केलं. दुसरं, आमचा फोल्डर इतकी वर्षं पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून उघडत होता. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून तसा प्रवेश मुळातच बंद आहे. नव्या मशीनवर तो पुन्हा सुरू करता येतो, पण "काका, तुमच्याकडे लोकांचे कागद आहेत, मी ते करणार नाही," असं त्याने स्वच्छ सांगितलं. या वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

त्याने माझ्या मशीनवर दोघी ताईंसाठी वेगळी खाती आणि पासवर्ड केले, 'एव्हरीवन' काढून टाकलं. फोल्डरच्या शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्ये, दोन्हीकडे परवानगी लागते आणि दोन्हींत जी कडक ती चालते, हे त्याने स्वतः एका ताईंना करायला लावून दाखवलं. ताई आधी रोजचा चार आकडी पिन टाकत होत्या, तो काही चालेना. पिन त्या-त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर पासवर्डच लागतो, हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी राउटरमध्ये माझ्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बदलणार नाही असा पक्का केला, ताईंच्या मशीनवर फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडला आणि तिन्ही मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघितली. फोल्डर उघडला.

दीड तास लागला, नऊशे रुपये झाले. पावती मागितल्यावर लगेच दिली. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा अशिलांचे कागद या जुन्या मशीनवर फार दिवस ठेवू नका, असं तो जाताना म्हणाला. मशीन त्याच्याच दुकानातून घ्या असं एकदाही म्हणाला नाही. कोणत्या खात्याला कुठली परवानगी आहे ते त्याने एका कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद माझ्या कपाटात आहे. मार्चच्या आधी नवीन मशीन घेईन, तेव्हा जोडायला यालाच बोलावणार आहे, फक्त सकाळची वेळ घेईन.