एमजी कॉमेट : घरातली दुसरी गाडी म्हणून ठीक, एकुलती एक म्हणून नको

2023 मध्ये आलेली एमजीची ही विजेवरची छोटी गाडी (ईव्ही) 2974 मिलिमीटर लांब, म्हणजे तीन मीटरच्याही आत. अडीच बाय पाच मीटरच्या पार्किंगमध्ये ती पुढे सरकवून लावली की मागे दोन स्कूटर सहज मावतात. टर्निंग रेडियस 4.2 मीटर, त्यामुळे पेठेतल्या बोळातूनही वळते.

पण दारं दोनच आणि चांगली लांब. शेजारी खांब असेल तर ती पूर्ण उघडत नाहीत, आणि मागे बसायचं तर पुढची डावी सीट दुमडूनच आत शिरावं लागतं. टेस्ट ड्राइव्हची गाडी आधी आपल्याच पार्किंगमध्ये लावून बघा. मागे माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही.

बॅटरी 17.3 किलोवॅट-तासांची. एका चार्जला कंपनीचा दावा 230 किलोमीटरचा. एसी लावून, गर्दीत 170-180 धरून चला. 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला सात तास, आणि तेवढा वेळ सलग 14-एक अँपिअर ओढले जातात. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड बिलकुल नको, प्लग वितळू शकतो. स्वतंत्र वायर ओढून 15 अँपिअरचा सॉकेट बसवा. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जिंग सुरूच होत नाही आणि बोल मात्र गाडीला लागतो. चार्जिंगमधली गळती धरून पूर्ण चार्जला मीटरवर 20-एक युनिटं पडतात. रोजची धाव जास्त असेल तर घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, तेव्हा महावितरणकडून ईव्हीचं वेगळं मीटर घ्या.

'फास्ट चार्ज' व्हेरियंटही 7.4 किलोवॅटचा, एसी म्हणजे घरगुती प्रकारच्या विजेवरचाच, साडेतीन तासांचा. डीसी, म्हणजे चार्जिंग स्टेशनवरचं खरं जलद चार्जिंग नाही. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याचा चढ या बॅटरीवर चढण्याच्या भानगडीत पडू नका. चाकं 12 इंची, त्यामुळे मागच्या माणसाला प्रत्येक खड्डा कळतो. स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. टायर बाजूने (साइडवॉलला) फाटला तर गाडी उचलूनच न्यावी लागते.

पार्किंगचा प्रश्न ती सोडवते, कोंडीचा नाही. सिग्नलला कॉमेट आणि एसयूव्ही सारखीच लेन अडवतात, आणि आत बहुतेक वेळा माणूस एकच. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रोच्या आसपास राहणाऱ्याला रोजच्या कामाला हीसुद्धा लागू नये.

बॅटरी भाड्याने घ्यायची सोय 2024 मध्ये आली: गाडीची किंमत कमी, मग रिक्षासारखे किलोमीटरमागे पैसे. सही करण्याआधी महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील, ते लेखी घ्या. गाडी दारात उभी राहिली तरी ते भरावेच लागू शकतात.