इंग्लिश मस्टर्ड: दुसरा डबा संपत आलाय, म्हणून लिहितोय

आठ महिन्यांपूर्वी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरी कोलमन्स या ब्रँडच्या मोहरीच्या पावडरीचा पिवळा डबा आणला, लाल बैलाचं तोंड छापलेला. त्याआधी एका सुपरमार्केटची स्वस्तातली तयार बाटली वापरायचो. ती झणझणीत कमी, गोडच जास्त लागायची.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. किटली नुकतीच उकळली होती, त्याच पाण्यात पूड कालवली. कडवट लगदा झाला, झणका कुठेच नाही. फोनवर आई म्हणाली, "अरे, मोहरी गार पाण्यात फेसतात! कोशिंबिरीला मी काय करते, ते बघितलंस का कधी?" बरोबर होतं तिचं. कोरड्या पुडीत तो झणका नसतोच. पूड ओली झाली की तिच्यातलं मायरोसिनेज नावाचं एन्झाइम तो तयार करतं, आणि उकळत्या पाण्यात हे एन्झाइमच निकामी होतं. आता चमचाभर पूड, साधारण तेवढंच गार पाणी, चिमूटभर मीठ, आणि दहा मिनिटं झाकून ठेवतो. व्हिनेगर घालायचंच असेल तर त्यानंतर.

मिरची जिभेवर ठाण मांडून बसते, ही मोहरी तशी नाही. हरभऱ्याएवढी जास्त झाली की नाकातून थेट मस्तकात, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मिनिटभरात सगळं शांत. सॉसेज आणि मॅशबरोबर (कुस्करलेल्या बटाट्यांबरोबर) तर हवीच. हॅम सँडविचला ब्रेडवर आधी लोणी, वर अगदी पातळ थर. चीज टोस्टला मात्र ग्रिलखाली जाण्याआधी लावली तर वास राहतो, जोर उडून जातो. म्हणून थोडी नंतर वरून लावतो. फ्लॉवरच्या चीज सॉसमध्ये अर्धा चमचा कोरडी पूड घातली की चीजची चव खुलते, तिखट लागत नाही. थालीपिठाबरोबरही खाऊन पाहिली. नको. काकडीच्या कोशिंबिरीत मात्र घरच्यासारखी जमली.

कालवलेली मोहरी तास-दोन तासांत मवाळ होते, तेव्हा लागेल तेवढीच कालवावी. ताटाच्या कडेला उरलेल्या मोहरीवर कोलमन श्रीमंत झाले, असं इथे गमतीनं म्हणतात. पहिले दोन महिने मीही त्यांना हातभार लावला. ऑफिसातला नॉरफोकचा सहकारी कोलमन्सचा 1814 पासूनचा इतिहास अभिमानानं सांगतो आणि 2019 मध्ये मोहरीचं काम त्याच्याच नॉरफोकमधल्या नॉरविच शहराच्या कॅरो कारखान्यातून हललं, इथवर आला की गप्प होतो.

घाई असेल तर कोलमन्सचीच तयार बरणी चालते, पण तिच्यात साखर, हळद आणि गव्हाचं पीठ असतं. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी लेबल वाचावं. मी पावडरच घेणार. फक्त डब्यात ओला चमचा घालू नका. माझ्या पहिल्या डब्याच्या तळाशी गोळे झाले, ते त्यानंच.