एकट्यानं राहायला कोणती शिडाची बोट? वेगा, काँटेसा की वेस्टसेल

बोटीवर एकट्यानंच राहायचं ठरलं की पहिली नजर जाते ती लांबीवर. मरीनाचं, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या जागेचं, भाडंही लांबीवरच लागतं. पण राहायला जागा मिळते ती रुंदीतून आणि पोटातून. काँटेसा ३२ आणि वेस्टसेल ३२ ही बोटींची दोन मॉडेलं, दोन्ही ३२ फुटी. पण एकीचं वजन सुमारे ४.३ टन, दुसरीचं ८.८ टन!

घर म्हणून माझी पसंती वेस्टसेलला. ११ फूट रुंद, आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो. डाळ-तांदूळ, पाणी, हत्यारं, पुस्तकं, सगळं भरलं तरी बोट फारशी खाली बसत नाही. मुंबईत सागवानात बांधलेल्या ज्या 'सुहैली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्याच कुळातली ही. १९९१च्या अटलांटिक वादळात माणसांना उतरवून घेतलं गेलं, आणि मागे राहिलेली 'सटोरी' ही वेस्टसेल पुढे आपोआप किनाऱ्याला लागली. मात्र मंद वाऱ्यात ती रेंगाळते, आणि टोकापासून पुढे आलेला दांडा लांबीत धरला तर भाडं वाढू शकतं. शिवाय अनेकांनी नुसता सांगाडा विकत घेऊन आतलं काम घरीच केलं, त्यामुळे प्रत्येक बोट वेगळी. वायरिंग आणि डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या पट्ट्या नीट बघा.

अल्बिन वेगा ही २७ फुटी स्वीडिश बोट. वजन जेमतेम २.३ टन, त्यामुळे शीड, नांगर सगळं एका माणसाच्या हातातलं. मॅट रदरफर्ड यांनी २०११-१२ मध्ये हिच्यातूनच दोन्ही अमेरिका खंडांना एकट्यानं वळसा घातला. पैसे बेताचे आणि फिरणं भरपूर असेल तर हीच घ्या. सामान मात्र मोजून ठेवावं लागेल. डोलकाठी डेकवर टेकलेली असते, म्हणून खाली तिचा भार झेलणारी तुळई वाकलीय का ते पाहा. जवळचं संडासाचं दार अडकत असेल तर शंका घ्या.

काँटेसा चालवायला तिघींत सुरेख. १९७९च्या, वादळात सापडलेल्या फास्टनेट या ब्रिटिश समुद्री शर्यतीत सगळ्यात लहान बोटींच्या गटातून शेवटपर्यंत पोहोचली ती एकटी काँटेसा 'असेंट'. पण आत अरुंद. बारा महिने राहायला मी घेणार नाही.

नांगरावरचे दिवस जास्त असतील तर वेस्टसेल, शिडावरचे जास्त असतील तर वेगा. पाहायला जाल तेव्हा थोडा वारा असलेला दिवस निवडा, मोठं शीड एकट्यानं चढवा-उतरवा आणि धक्क्याला एकट्यानं लावून बघा. विकणाऱ्याला मध्ये हात घालू देऊ नका.