बटणांचा साधा फोन: चार महिने वापरल्यावर

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी, मिरजेत एकट्याची खोली. पहाटे परतल्यावर स्मार्टफोनवर नको ते बघायची सवय जडली होती. लग्न ठरलेलं, होणाऱ्या बायकोशी बोलताना नजर चोरायचो. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 39वा अध्याय काढला. योसेफ पोटीफरच्या घरी गुलाम होता. पोटीफरच्या बायकोनं त्याला मोहात पाडायला त्याचं वस्त्र धरलं, तेव्हा तो वाद घालत थांबला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात जारकर्मापासून, म्हणजे लैंगिक पापापासून, पळाच म्हणतो. म्हणून हा फोन घेतला. बॅटरी चार दिवस टिकते, आवाज खणखणीत. मराठी मेसेज नीट दिसत नाहीत, भाजीला सुट्टे पैसे लागतात. चालेल मला. उशाशी आता बायबलचा नवा करार असतो. मोह अजून येतो. तेव्हा उठून गुडघे टेकतो, मोठ्यानं प्रार्थना करतो.