डेन्व्हरच्या बर्फात एडब्ल्यूडी: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव (आणि टायरचं बिल)

एक टायर फाटला आणि बिल आलं चार टायरचं, म्हणून हा रिव्ह्यू. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार जवळपास सगळ्याच ऑल-व्हील ड्राइव्हचा (एडब्ल्यूडी, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना) आहे आणि बाकीचे स्पेक्स तुम्ही वाचूनच आला असाल.

फेब्रुवारीत खड्ड्यात आपटून साइडवॉल (टायरची बाजू) गेली, म्हणजे पंक्चर काढायचा विषयच संपला. दुकानवाला म्हणे एक नाही, चारही बदला. मला वाटलं घालतोय टोपी! पण मॅन्युअलमध्ये पण तेच. नवा टायर झिजलेल्यापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे कमी फेरे घेतो, मग पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं क्लच-कपलिंग सपाट रस्त्यावरही घसरत राहतं, तापतं आणि कधीतरी बसतं. बऱ्याच कंपन्या ट्रेडमध्ये (टायरच्या खाचांच्या खोलीत) २/३२ ते ४/३२ इंचापर्यंतच फरक चालवून घेतात, माझे उरलेले तीन ५/३२ वर आणि नवा १०/३२. म्हणजे मर्यादेबाहेर. काही दुकानं नवा टायर तासून जुन्याच्या मापाला आणून देतात, पण नवाकोरा टायर पैसे देऊन तासून घ्यायचा हे माझ्याच्याने होईना.

मग कळलं की आय-७० वर (डेन्व्हरहून डोंगरात जाणारा हायवे) मॉरिसन ते डॉटसेरो, १ सप्टेंबर ते ३१ मे, एडब्ल्यूडीलासुद्धा नियमाने किमान ३/१६ इंच ट्रेड लागतो, म्हणजे ६/३२. म्हणजे ते तीन डोंगरात न्यायला तसेही बादच, तिथे राग निम्मा उतरला. (असे टायर घालून अडकलात आणि रस्ता अडवलात तर दंड ६५० डॉलरच्या वर, टायर स्वस्त म्हणायचे.)

आता बर्फाचं. चढावर थांबून परत निघायला ही गाडी कमाल आहे, वाद नाही. चढावर वजन मागे जातं, त्यामुळे फ्रंट-व्हीलवाल्यांची पुढची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि आपण आरामात पुढे. पण गोची तिथेच आहे, गाडी इतकी सहज उचलते की खाली बर्फ आहे का नुसतं ओलं हे पायाला कळतच नाही. आयझेनहॉवर टनेलमधून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्के उतार, तिथे एडब्ल्यूडी काय करणार? ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, हिला काही जास्तीचे नाहीत. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थडथडतं आणि गाडी आपली घसरतच राहते. आता मी गिअर खालचा टाकून उतरतो, आणि घराजवळ रिकाम्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून एकदा हळूच ब्रेक दाबून अंदाज घेतो.

त्यामुळे मत बदललं ते असं: चार घ्यायचेच तर ऑल-सीझन कशाला, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले विंटर टायर घेतले. साधारण ७ डिग्री सेल्सियसच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, यांचं मऊ राहतं. ब्रेकमध्ये आणि वळणावर फरक पहिल्याच दिवशी जाणवला, जो एडब्ल्यूडीने कधीच दिला नव्हता. रिम वेगळ्या घेतल्या, नाहीतर दर सीझनला चढवण्या-उतरवण्याचे पैसे द्या.

तुमचं जाणं-येणं डेन्व्हरशेजारच्या ऑरोरातल्या सपाट रस्त्यांवरच असेल तर फ्रंट-व्हील घ्या आणि त्याला चांगले विंटर टायर लावा, पैसे वाचतील, पेट्रोलही थोडं कमी खाईल. दर वीकेंडला डोंगरात जाणार असाल तर एडब्ल्यूडी घ्याच, फक्त टायरचं बजेट चाराच्या पटीत धरा.