दांडिया बाजारातले फॉर्मवाले काका: ओसीआय मुलीच्या स्कॉलरशिपचा आमचा अनुभव

माझी भाची २००७ साली न्यू जर्सीत जन्मली. ती चार वर्षांची असताना भाऊ-वहिनी तिकडचं सगळं आवरून बडोद्याला परत आले. तेव्हापासून ती इथलीच. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा. पासपोर्ट मात्र अमेरिकेचा, आणि जोडीला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते. भावाचं उत्पन्न बेताचं, म्हणून बारावीनंतर स्कॉलरशिप शोधायला लागलो आणि पहिल्याच फॉर्मवर 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी अडलो.

आधी एका चकचकीत कन्सल्टन्सीत गेलो. त्यांनी चार हजार रुपये घेतले आणि सांगितलं, "आधार आहे ना मुलीचं? मग इंडियन निवडा, कोण बघतंय." खाली तर स्वयंघोषणेवर पोरीची सही हवी होती. मी तिला सही करू दिली नाही.

मग शेजाऱ्यांनी दांडिया बाजारातल्या या काकांकडे पाठवलं. अरुंद जिना, एक टेबल, एक प्रिंटर, बसायला दोनच खुर्च्या. त्यांनी फॉर्म उघडलाच नाही, आधी ओसीआय पुस्तिका मागितली. दिव्याखाली धरून, तारखेच्या ओळीखाली पट्टी ठेवून वाचली: २०१०. मग म्हणाले, "ताई, हिचं निम्मं काम या तारखेनंच केलंय."

ते आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. केंद्र सरकारने ४ मार्च २०२१ ला अधिसूचना काढून नीट, जेईई यांसारख्या परीक्षांच्या प्रवेशात ओसीआय मुलांना एनआरआय मुलांच्या रांगेत बसवलं. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्यांना बंद झाल्या. पुढे ३ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांचं कार्ड ४ मार्च २०२१ च्या आधीचं आहे त्यांना ही बंदी लागू नाही. म्हणजे हिचा प्रवेशाचा हक्क शाबूत. पण काकांनी लगेच बजावलं, की हे प्रवेशापुरतं. स्कॉलरशिपची अट प्रत्येक योजनेची वेगळी, आणि सरकारी योजनांत बहुतेक ठिकाणी अर्जदार भारतीय नागरिकच लागतो.

"पण आधार तर आहे," भाची म्हणाली.

"बेटा, आधार राहण्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं. पोर्टल तुला आत घेईल, पण पुढे तपासणीत सापडलीस तर पैसे परत मागतील आणि खोटी माहिती दिल्याचा डाग लागेल तो वेगळाच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी प्रिंटर बंद केला, खालून चहा मागवला आणि चांगली वीस मिनिटं तिच्याशी बोलले. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली आणि आधीचं वर्षभर भारतात राहिलेली व्यक्ती नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करू शकते, पण मग अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागतं. घाई करू नकोस, म्हणाले. तिकडच्या कॉलेजात जायचं ठरलं तर तिथल्या सरकारी मदतीचा फाफ्साचा अर्ज तू भरू शकतेस, कारण तिथे तू नागरिक आहेस, आईवडील तिथले नागरिक नसले तरी चालतं.

उतरताना मला सयाजीराव महाराज आठवले. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोद्याच्या दरबाराने महिना साडेअकरा पौंड दिले. बाबासाहेब महूला जन्मलेले, मुंबईत शिकलेले. करारात अट होती ती शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याची. पुढे याच शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, हेही विसरता येत नाही. पण पोरगं कुठे जन्मलं यापेक्षा शिकून काय करणार हे विचारणारी स्कॉलरशिप आमच्या गावात होऊन गेली आहे, आणि चौदा वर्षं इथे वाढलेल्या मुलीला तसं विचारणारं कोणी असावं असं मला मनापासून वाटतं.

काकांनी शेवटी दोन खासगी ट्रस्टचे अर्ज भरून दिले, दोन्ही ठिकाणी राष्ट्रीयत्व खरं लिहून. एकाने पहिल्या वर्षाची अर्धी फी दिली, दुसऱ्याचं उत्तर यायचंय. काकांची फी तीनशे रुपये झाली.

तक्रारी दोन. काका टाइप फार सावकाश करतात, आमचे दोन फॉर्म भरायला तीन संध्याकाळी गेल्या. आणि जिना इतका उभा आहे की माझ्या आईला वर नेता आलं नाही. पाचपैकी साडेचार तारे.

जाणार असाल तर मूळ ओसीआय पुस्तिका आणि पासपोर्ट दोन्ही न्या. झेरॉक्सवरून ते काही सांगत नाहीत. आणि मुलांचा पासपोर्ट नवा झाला असेल तर तो ओसीआयच्या पोर्टलवर चढवलाय का, हे घरीच बघून जा. आमचा राहिला होता, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.