ड्राय रॉक, अमोनिया आणि बाटलीतले बॅक्टेरिया: वर्ष होत आलं, आता अनुभव लिहिते

आधीच सांगून टाकते, ही पद्धत चालते. ड्राय रॉक (जिवंत काहीही नसलेला कोरडा खडक), अमोनियम क्लोराईड आणि बाटलीतले नायट्रिफाइंग बॅक्टेरिया एवढ्यावर समुद्री माशांचा टँक सायकल होतो (म्हणजे विषारी अमोनियाचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यात बसतात), एकाही माशाला त्रास न देता होतो, आणि मला पुन्हा टँक लावायचा झाला तर मी हेच करेन, फक्त एक गोष्ट वाढवून, ती खाली येईलच. पण बाटलीवर जे लिहिलेलं असतं की आज ओता आणि आजच मासे सोडा, त्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते इतक्या महिन्यांनंतर जास्तच पक्कं झालंय. बाटली तुमचे सुरुवातीचे आठवडे वाचवते, टँक मुरायला लागणारा वेळ वाचवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन लोकांचे मासे बहुतेक वेळा याच फरकात जातात.

सेटअप थोडक्यात, टँक साधारण 200 लिटरचा, खाली सम्प (जोडलेली दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), ॲरागोनाईट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, सगळा रॉक कोरडा, पाणी आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य बघूनच मीठ मिसळलेलं. सॅलिनिटी (खारटपणा) 35 पीपीटी (हजारात भाग), तापमान 25-26 च्या मधे. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट करा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतोय म्हणून 35 ला बरोबर दाखवेलच असं नसतं. सायकल चालू असताना लाईट पूर्ण बंद ठेवली, कारण त्या काळात लाईटची गरज असलेलं टँकमध्ये काहीच नसतं, शेवाळ सोडून. पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप) मात्र जोरात आणि पाण्याचा पृष्ठभाग चांगला हलेल असे. नायट्रिफिकेशनला ऑक्सिजन भरपूर लागतो, 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण साडेचार मिलिग्रॅम. त्यामुळे पाणी नुसतं गरम आणि शांत ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही.

अमोनियाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थेंबांची बाटली मिळते किंवा पावडर मिळते, मी पावडर वापरली कारण हिशोब स्वच्छ राहतो. टँक 200 लिटरचा असला तरी रॉक आणि वाळूने जागा खाल्ल्यावर सम्प धरून माझं खरं पाणी 170 लिटरच्या आसपास, आणि त्यात 1 ग्रॅम अमोनियम क्लोराईड म्हणजे जवळजवळ 2 पीपीएम (दशलक्षात भाग) अमोनिया. तेवढाच डोस. 5 पीपीएमच्या वर नेऊ नका, जास्त खाऊ घातलं म्हणून बॅक्टेरिया जास्त वेगाने वाढत नाहीत, उलट अडखळतात. आणि डिटर्जंट किंवा सुगंध मिसळलेला घरगुती अमोनिया तर अजिबात नको.

काही जण अजूनही सोललेली मेलेली कोळंबी टँकमध्ये टाकून सायकल करतात, त्यानेही होतं, पण किती अमोनिया तयार होतोय यावर तुमचा काही ताबा राहत नाही आणि वास येतो तो वेगळाच. आणि डॅमसेल नावाचे काटक छोटे मासे टँकमध्ये टाकून सायकल करणं, ही जुनी पद्धत आता खरंच बंद व्हायला हवी. समुद्री टँकचा पीएच 8.1 ते 8.4 असतो आणि त्या पीएचला एकूण अमोनियाचा जो भाग विषारी, मोकळ्या रूपात असतो तो पीएच 7 च्या पाण्यापेक्षा दहापट तरी जास्त असतो. म्हणजे गोड्या पाण्यातला मासा जे आकडे कसेबसे सहन करून जातो त्याच आकड्यांवर इथे माशाचे कल्ले भाजतात. जिवंत प्राण्याला रसायन म्हणून वापरायचं काही कारणच उरलेलं नाही जेव्हा 1 ग्रॅम पावडर तेच काम करते.

बॅक्टेरिया ओतायच्या दिवशी स्किमर आणि यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) बंद, बाटली जोरात हलवून मगच ओतायची कारण गाळ तळाला बसलेला असतो, आणि शक्यतो रॉकवर आणि वाळूवर पडेल अशी. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहणारे नाहीत, पृष्ठभागाला चिकटून थर करून राहणारे आहेत, म्हणून नंतर पाणी बदललं तरी सायकल वाहून जात नाही, ही भीती खूप जणांना असते. बाटलीची तारीख बघा, ती उन्हात किंवा गरम गोडाऊनमध्ये पडून होती का याचा अंदाज घ्या. मी दोन वेगवेगळ्या बाटल्या वापरल्या, पहिली जवळजवळ निष्प्रभ होती, अमोनिया हललाच नाही, दुसरीने काही दिवसांतच आकडा खाली आणला. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष कंपनीचा की वाटेतल्या उन्हाचा हे सांगता येत नाही, जिवंत माल आहे तो.

आता टेस्ट किट. अमोनियाची साधी थेंबांची टेस्ट म्हणजे 5 मिली पाणी, थेंब, पाच मिनिटं थांबा, पिवळा म्हणजे शून्य आणि हिरवटपणा वाढेल तसा आकडा वाढत जातो. शून्य आणि 0.25 या दोन रंगांत ट्यूबलाईटखाली फरक करणं जवळपास अशक्य आहे. मी शेजारी कोऱ्या आरओडीआय पाण्याची दुसरी ट्यूब त्याच थेंबांनी तयार करून ठेवायचे आणि दोन्ही ट्यूब पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, वरून नाही तर बाजूने बघायचे. दोन्ही सारख्या पिवळ्या दिसल्या तर शून्य, किटचं रंगांचं कार्ड काय म्हणतंय ते नंतर. ही एक सवय लावून घ्या, किती तरी लोक 0.25 च्या भुतामागे आठवडेच्या आठवडे घालवतात. आणि सायकल चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकू नका, त्याने टेस्टचे आकडे गोंधळतात.

मग आला नायट्राईट, आणि हा टप्पा लांबला. पहिल्या प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन नायट्राईट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राईटचं नायट्रेट करतात, आणि हे दुसरे निवांत वाढतात. माझ्याकडे अमोनिया रोजच्या रोज साफ होत होता तरी नायट्राईटची ट्यूब किती तरी दिवस गडद जांभळी. यात एक हिशोब लक्षात ठेवा, 1 पीपीएम अमोनियाचं साधारण 2.7 पीपीएम नायट्राईट होतं आणि त्याचं पुढे साधारण 3.6 पीपीएम नायट्रेट. म्हणजे 2 पीपीएमचा प्रत्येक डोस नायट्राईटमध्ये पाचच्या वर भर घालतो. रोज डोस देत राहिलात तर नायट्राईट किटच्या रेंजबाहेर जाणारच आणि काहीच हलत नाहीये असं वाटणारच. अशा वेळी एक भाग टँकचं पाणी आणि नऊ भाग आरओडीआय मिसळून टेस्ट करा आणि उत्तर दहाने गुणा, तेव्हा कळतं की आकडा खरं तर उतरतोय. डोस थांबवला, चिमूटभर फिश फूड टाकलं कारण कोरड्या रॉकच्या टँकमध्ये कधी कधी फॉस्फेटच नसतं आणि त्याशिवाय जिवाणूंचं अडतं, आणि थांबले. एक दिवस संध्याकाळी ट्यूब जांभळी आणि पुढच्या दोन दिवसांत एकदम फिकी, इतका वेगाने बदल होतो तो.

समुद्री पाण्यात नायट्राईट माशांना गोड्या पाण्याइतका घातक नसतो, कारण पाण्यातलं भरपूर क्लोराईड कल्ल्यांतून नायट्राईटला आत शिरू देत नाही. त्यामुळे नायट्राईट थोडा दिसतोय म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण दुसऱ्या गटाचे जिवाणू बसलेत की नाही याची ती खूण आहे म्हणून मी शून्याची वाट बघितली. आणि हो, नायट्राईट असताना नायट्रेटची टेस्ट करू नका, ती किट आतल्या आत नायट्रेटचं नायट्राईट करूनच रंग दाखवते, त्यामुळे आकडा फुगून येतो. अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता) पण बघत राहा, प्रत्येक 1 पीपीएम अमोनिया-नायट्रोजनमागे जवळपास 0.4 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खर्च होते, खूप डोस दिलेत तर पीएच घसरतो आणि सायकल मंदावते.

माझा शेवटचा निकष हा होता की 2 पीपीएम अमोनिया टाकला आणि 24 तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य, आणि तेही लागोपाठ दोनदा. मग मोठा वॉटर चेंज कारण नायट्रेट साचलेलं असतं, आणि मग छोट्या ओसेलारिस क्लाऊन माशांची जोडी, बाकी काही नाही. मधे मासे यायला उशीर झाला तर थोडा थोडा अमोनिया चालू ठेवा, खायलाच नसेल तर जिवाणू कमी होतात.

इथपर्यंत सगळं छान, आणि बरेच अनुभव इथेच संपतात. खरा वापर इथून पुढे सुरू होतो. लाईट चालू केल्यावर वाळूवर तपकिरी डायटमची (सूक्ष्म शेवाळाची) पावडर बसली, बोटाने पुसली की जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत तेवढीच. ती आपोआप गेली, मग रॉकवर हिरवं केसाळ शेवाळ, मग वाळूवर ठिकठिकाणी लालसर सायनोचे (सायनोबॅक्टेरियाचे) पापुद्रे. हे सगळं सायकल पूर्ण झाल्यानंतर, अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य असताना. कारण कोरड्या रॉकवर फक्त आपण ओतलेले जिवाणू असतात, बाकी जागा मोकळी, आणि मोकळ्या जागेवर जो पहिला पोचेल त्याचं राज्य. ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी टाकल्या, हाताने उपटलं, खाणं मोजून दिलं, आणि नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर जाणार नाही याची काळजी घेतली कारण तिथे डायनोफ्लॅजेलेट्सचा (चिकट थर करणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) धोका असतो आणि ते प्रकरण शेवाळापेक्षा फार वाईट.

यात मी जे वाढवेन म्हटलं ते हे, एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधला मुठीएवढा लाईव्ह रॉक किंवा वाटीभर वाळू. बाटलीत दोन-तीन प्रकारचे जिवाणू असतात, जुन्या रॉकवर अख्खी वस्ती असते, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), स्पंज, किडे, कोरलाईन (कडक गुलाबी-जांभळं शेवाळ). नुसत्या अमोनियाच्या बाबतीतही बाटली पुरी पडते असं नाही. 2005 मध्ये नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस नावाचा अमोनिया खाणारा आर्किया (बॅक्टेरियाहून वेगळा एकपेशीय जीव) पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय समुद्री टँकच्या खडीतून, म्हणजे बॅक्टेरियाच नाहीत तर वेगळेच जीवसुद्धा हे काम करत असतात आणि ते आपल्या बाटलीत असतील असं नाही. लाईव्ह रॉकबरोबर एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी ॲनिमोन) येऊ शकतो, मँटिस श्रिंप (शिकारी कवचधारी जीव) येऊ शकतो, हे खरंय, म्हणून तुकडा नीट तपासून, ज्याचा टँक तुम्ही डोळ्यांनी बघितलाय त्याच्याकडूनच घ्या. पण पूर्ण कोरडा टँक मुरायला जेवढे महिने घेतो ते बघता मला हा धोका परवडतो.

सध्या टँक स्थिर आहे. पॉवरहेडच्या जाळीवर गुलाबी-जांभळे कोरलाईनचे ठिपके आलेत, गोगलगायींच्या शंखांवरून आले असणार कारण रॉकवर तर काहीच नव्हतं. नायट्रेट पाच ते दहाच्या मधे, अमोनियाची टेस्ट आता मी फक्त नवीन मासा आल्यावर करते. कोरल आत्ता कुठे चालू केलेत, मऊ प्रकारचे.

उरलेली पावडर टाकून दिलेली नाही, ती क्वारंटाईन टँकसाठी (नवीन मासा आधी वेगळा ठेवायचा टँक) लागते. सम्पमध्ये एक जास्तीचा स्पंज फिल्टर कायम पडून असतो, नवीन मासा यायचा असला की तो उचलून क्वारंटाईनमध्ये लावायचा, अमोनियाचा छोटा डोस देऊन 24 तासांत साफ होतोय का बघायचं, आणि मगच मासा. तांब्याचं औषध दिलं असेल तर तो स्पंज परत सम्पमध्ये टाकायचा नाही, गोगलगायी आणि कोरल दोन्ही जातील, त्याच्या जागी नवीन स्पंज टाकून ठेवायचा म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत तयार होतो.